आरसी कर्नल आपल्या यंत्रावर चालवावा का? : वाचकांचे प्रश्न

लिनक्स कर्नलची (हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांना जोडणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याची) नवी आवृत्ती साधारणपणे दर नऊ-दहा आठवड्यांनी प्रसिद्ध होते. त्याआधी तिच्या ‘आरसी’, म्हणजे रिलीज कँडिडेट आवृत्त्या कोणालाही डाउनलोड करून चालवून पाहता येतात, असा ओझरता उल्लेख या सदरात यापूर्वी आला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : कर्नलच्या विकासात इंटेल, गूगल, रेड हॅट अशा कंपन्यांचे पगारी अभियंते काम करतात. त्यांच्याकडे प्रयोगशाळा आणि स्वयंचलित चाचण्या आहेत. मग सर्वसामान्य वापरकर्त्याने चाचणी करण्याची गरज का उरते? अर्धाकच्चा माल लोकांच्या गळ्यात मारण्याचा हा प्रकार नव्हे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु जगातल्या सगळ्या यंत्रांचे पुरेसे नमुने प्रयोगशाळेत ठेवता येतात, असे तिच्यात गृहीत धरलेले आहे. कर्नलच्या सोर्स कोडचा निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनी, म्हणजे एकेक उपकरण चालवणाऱ्या कोडने, व्यापलेला आहे. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या लॅपटॉपमध्येसुद्धा वायफाय कार्ड वेगळ्या बनावटीचे असू शकते, बायोसची आवृत्ती वेगळी असते, टचपॅड आणि साउंड चिप यांची जुळणी निराळी असते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची आपली रीत येथे चालत नाही, कारण या भांड्यातले प्रत्येक शीत वेगळ्या तांदळाचे आहे.

स्वयंचलित चाचण्यांचे महत्त्व मला मुळीच कमी लेखायचे नाही. इंटेलचा ‘कर्नल टेस्ट रोबॉट’ विकासकांच्या कोडच्या स्वतंत्र शाखांवर लक्ष ठेवून असतो आणि कोड कंपाइल होत नसेल (त्यापासून चालणारा प्रोग्रॅम बनत नसेल) किंवा वेग घसरला असेल तर संबंधिताला कळवतो. गूगलचा ‘सिझबॉट’ २०१७ पासून कर्नलवर चित्रविचित्र सिस्टिम कॉल्सचा (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागण्यांचा) मारा करून तो कुठे कोसळतो ते शोधत आहे. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली २०१९ पासून असलेला ‘कर्नलसीआय’ हा प्रकल्प निरनिराळ्या प्रयोगशाळांतील बोर्डांवर आणि यंत्रांवर कर्नल बूट करून पाहतो. मात्र लॅपटॉपचे झाकण मिटून तासाभराने उघडल्यावर आवाज परत येतो का, दुसरा मॉनिटर जोडून काढून घेतल्यावर पडदा काळा पडतो का, ब्लूटूथ इअरफोन दर दहा मिनिटांनी तुटतो का, रात्रभर झोपवलेल्या यंत्राची बॅटरी सकाळी किती उरते, हे पाहायला त्या विशिष्ट यंत्रासमोर बसलेला माणूस लागतो.

ही पद्धत कशी रुजली, तेही पाहण्यासारखे आहे. पूर्वी कर्नलच्या आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर ती स्थिर आणि विषम असेल तर ती विकासाची, असा संकेत होता. २.४.० ही स्थिर आवृत्ती जानेवारी २००१ मध्ये आली आणि पुढची स्थिर आवृत्ती २.६.० थेट डिसेंबर २००३ मध्ये. मधल्या काळातील २.५ ही विषम मालिका रोजच्या कामाच्या यंत्रावर चालवण्याचे धाडस फार थोडे लोक करत, त्यामुळे तिच्यातील दोष मोठ्या प्रमाणावर बाहेर पडत ते स्थिर आवृत्ती हाती आल्यावरच. दरम्यान डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, देणाऱ्या कंपन्या २.५ मधल्या हव्या त्या गोष्टी मागे आणून आपल्या २.४ मध्ये बसवत, आणि प्रत्येकीचा कर्नल दुसरीपेक्षा वेगळा होत जाई. २.६ च्या काळात हा संकेत मोडला गेला. आता नवी आवृत्ती प्रसिद्ध झाली की दोन आठवडे ‘मर्ज विंडो’ उघडी असते आणि तेवढ्या काळात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स नवे बदल स्वीकारतात. मग आरसी१ निघते आणि तेथून पुढे नवीन काही न घेता केवळ दुरुस्त्या घेतल्या जातात. दर आठवड्याला एक याप्रमाणे आरसी७ किंवा फार तर आरसी८ पर्यंत मजल जाते आणि नंतर अंतिम आवृत्ती येते. मर्ज विंडोच्या आधीसुद्धा एक गाळणी आहे. स्टीफन रॉथवेल या ऑस्ट्रेलियन विकासकाने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘लिनक्स-नेक्स्ट’ या शाखेत निरनिराळ्या मेंटेनरांचे (कर्नलचा एकेक भाग सांभाळणाऱ्यांचे) आगामी बदल रोजच्या रोज एकत्र करून पाहिले जातात, म्हणजे एकाचा बदल दुसऱ्याच्या बदलाला छेद देत असेल तर ते आधीच उघडकीस येते.

गळ्यात मारण्याबद्दल बोलायचे तर आरसी कोणाच्याही यंत्रावर आपोआप येत नाही. ती मुद्दाम घ्यावी लागते. मात्र आपल्या तक्रारीचा एक भाग मला मान्य आहे. जे यंत्रनिर्माते आपले लॅपटॉप लिनक्सवर एकदाही चालवून न पाहता बाजारात आणतात, त्यांचे काम अखेरीस स्वयंसेवकांच्या अंगावर पडते. त्याला उदारमतवादी सहकार्य वगैरे म्हणण्याचे कारण नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी घेतलेल्या लॅपटॉपवर लिनक्स वापरते, पण मला प्रोग्रॅमिंग येत नाही. अशा चाचणीत माझ्यासारखीचा काही उपयोग आहे का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आहे, आणि तो आपल्या ज्ञानापेक्षा आपल्या लॅपटॉपमुळे अधिक आहे. नवी यंत्रे विकासकांच्या टेबलावर असतात, जुनी नसतात. दहा वर्षांपूर्वीच्या ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरमध्ये साफसफाई करणाऱ्या विकासकाकडे ती चिप असेलच असे नाही, आणि बदल केल्यावर ती अजून नीट चालते की नाही, हे त्याला आपल्यासारख्या व्यक्तीकडूनच कळू शकते. आपल्याकडे लॅपटॉप मोडीत न काढता घरातल्या पुढच्या माणसाकडे देण्याची पद्धत आहे, त्यामुळे अशा जुन्या यंत्रांचा साठा मराठी घरांत मोठा असावा.

कर्नल स्वतः कंपाइल करण्याची गरज नाही. फेडोरा वापरत असाल तर नवा कर्नल त्या डिस्ट्रोत आणण्यापूर्वी त्यांचा ‘टेस्ट वीक’ होतो. त्यासाठी तयार लाइव्ह इमेज मिळते, ती पेनड्राइव्हवरून बूट करून पाहता येते आणि निकाल नोंदवण्यासाठी सोपा तक्ता असतो. हार्ड डिस्कला हात न लावता चाचणी करता येत असल्याने पहिल्या वेळेसाठी मी हीच वाट सुचवतो. डेबियनच्या ‘एक्सपेरिमेंटल’ विभागात अनेकदा आरसी कर्नल पॅकेजच्या रूपात असतात, आर्चमध्ये टेस्टिंगचे वेगळे भांडार आहे आणि ओपनसुसेमध्ये विकासाच्या टोकावरचा कर्नल देणारे भांडार आहे. उबुंटूची कर्नल टीम मेनलाइनच्या (टोरवाल्ड्स यांच्या मुख्य शाखेच्या) तयार बांधण्या उपलब्ध करते, पण त्यांवर डिजिटल सही नसल्यामुळे, सही नसलेला कर्नल अडवणारे सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर त्या बूट होत नाहीत. पुष्कळ जण येथेच अडतात आणि कर्नल बिघडलेला आहे असे समजतात.

नवा कर्नल बसवला तरी जुना तसाच राहतो आणि ग्रबच्या (यंत्र सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीतून तो पुन्हा निवडता येतो. तेव्हा ‘लॅपटॉप चालूच झाला नाही तर’ ही भीती बाळगू नये. नवा कर्नल बसवण्याआधी मात्र एक गोष्ट न विसरता करावी. जुन्या कर्नलवर असताना ‘डीमेसेग’ ही आज्ञा देऊन बूटच्या वेळचे सगळे संदेश एका फाइलमध्ये साठवून ठेवावेत. पुढे नव्या कर्नलवर काही बिनसले तर दोन्ही फाइली शेजारी ठेवून पाहता येतात, आणि ‘पूर्वी हा संदेश येत नव्हता’ हे आपण पुराव्यानिशी सांगू शकता. त्यानंतर निराळे काही न करता रोजचेच काम करावे: छपाई, व्हिडिओ कॉल, फोटो उतरवणे, झाकण मिटणे आणि उघडणे. चाचणी म्हणून मुद्दाम केलेल्या कृतींपेक्षा सवयीच्या वापरात सापडणारे दोष अधिक मोलाचे असतात, असे माझे मत आहे, कारण तसेच वापरणारे हजारो लोक पुढे असतात.

प्रश्न : आरसी कर्नलमुळे माहिती नष्ट होण्याचा किंवा यंत्रच खराब होण्याचा धोका खरोखर किती आहे? काही जण ‘काही होत नाही’ म्हणतात, तर काही जण दूर राहण्याचा सल्ला देतात. (ठाणे, नाशिक आणि बेळगाव येथील वाचक)

उत्तर : टक्केवारीत उत्तर देता येणार नाही. घडलेली उदाहरणे पाहिली तर धोक्याचे स्वरूप कळते, म्हणून तीन उदाहरणे थोड्या विस्ताराने देतो.

पहिले २००८ सालचे. २.६.२७ या आवृत्तीच्या आरसी चालू असताना काही परीक्षकांच्या यंत्रांतील इंटेलची नेटवर्क कार्डे मृतवत झाली. ‘ई१०००ई’ हा ड्रायव्हर वापरणाऱ्या या कार्डांच्या कायमस्वरूपी स्मृतीतील मजकूरच पुसला जात होता, त्यामुळे जुन्या कर्नलवर परत गेले तरी कार्ड चालत नसे. संशय अर्थातच ई१०००ई ड्रायव्हरवर गेला आणि अनेक डिस्ट्रोंनी आपल्या चाचणी आवृत्त्यांतून तो काढून टाकला. खरा दोषी कर्नलच्या अगदी वेगळ्या कोपऱ्यात निघाला. फंक्शन्सचा माग ठेवणारी ‘एफट्रेस’ ही सोय चालू कर्नलच्या कोडमध्ये ठरावीक जागी बदल करत असे आणि त्यासाठी त्या जागांचे पत्ते लक्षात ठेवत असे. एखादे मॉड्यूल (कर्नलला गरजेनुसार जोडला जाणारा भाग) सुरू झाल्यावर त्याचा आरंभीचा कोड स्मृतीतून मोकळा केला जाई, पण एफट्रेसच्या यादीत जुना पत्ता तसाच राही. तोच पत्ता पुढे नेटवर्क कार्डाच्या स्मृतीला दिला गेला की एफट्रेसचे लिखाण थेट कार्डावर होई. २.६.२७ ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पाठोपाठ आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा तो भाग बंद करण्यात आला. कार्डाच्या स्मृतीवर असे अपघाती लिखाण होऊच नये म्हणून ड्रायव्हरमध्येही कुलूप घालण्यात आले. हार्डवेअरलाच इजा होण्याचे असे प्रसंग दुर्मीळ आहेत, परंतु ते अशक्य नाहीत.

दुसरे उदाहरण ५.१२-आरसी१ चे. ही आरसी फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस निघाली आणि काही दिवसांतच लक्षात आले की, स्वॅपसाठी (स्मृती अपुरी पडल्यास डिस्कवर वापरायच्या जागेसाठी) वेगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा विभाग, न ठेवता फाइल वापरणाऱ्या यंत्रांवर ती फाइलप्रणालीची नासाडी करते. स्वॅप फाइलच्या आरंभापासून मोजायचे अंतर संपूर्ण डिस्कच्या आरंभापासून मोजले जात होते. म्हणजे स्मृतीतील पाने स्वॅप फाइलमध्ये न जाता डिस्कवरच्या भलत्याच जागी, कोणाच्याही फाइलवर, लिहिली जात होती. स्वॅप पार्टिशन वापरणाऱ्यांना याचा मागमूस लागत नसे. उबुंटू मात्र १७.०४ पासून नव्या स्थापनेत स्वॅप फाइलच वापरते, त्यामुळे हा दोष तसाच पुढे सरकला असता तर घरगुती वापरकर्तेच आधी पोळले असते. टोरवाल्ड्स यांनी त्या आरसीच्या टॅगचे (कोडमधील खुणेचे) नाव बदलून त्याला ‘डोन्टयूज’ असे शेपूट जोडले आणि रविवारची वाट न पाहता शुक्रवारीच आरसी२ काढली. आपली कामे या आरसी१ वर आधारू नयेत, असेही त्यांनी विकासकांना बजावले, कारण तसे केल्यास पुढे एखादा निराळाच दोष शोधण्यासाठी जुन्या टप्प्यांवर जाणाऱ्या माणसाची डिस्क निष्कारण खराब झाली असती. ‘डोन्टयूज’ हे शेपूट कर्नलच्या इतिहासात नवे नव्हते. २००१ मधील २.४.११ लाही ते चिकटले आहे, आणि ती तर स्थिर म्हणून प्रसिद्ध झालेली आवृत्ती होती.

तिसरे उदाहरण मुद्दाम स्थिर शाखेचे, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीला पुढे दुरुस्त्या देणाऱ्या शाखेचे, घेतो, कारण ‘स्थिर’ शब्दावर आपण जरुरीपेक्षा जास्त भिस्त ठेवतो. २०२३ च्या अखेरीस ६.१ या दीर्घकालीन शाखेत ६.१.६४ ही आवृत्ती आली. तिच्यात एक्स्ट४ या फाइलप्रणालीची एक दुरुस्ती नव्या कर्नलमधून मागे आणली होती, परंतु ज्या दुसऱ्या बदलाच्या आधारावर ती दुरुस्ती उभी होती तो ६.१ मध्ये नव्हताच. परिणामी, विशिष्ट प्रकारे फाइलमध्ये लिहिताना माहिती चुकीच्या जागी पडण्याची शक्यता निर्माण झाली. डेबियन १२.३ त्याच कर्नलसह ९ डिसेंबरला बाहेर पडण्याच्या बेतात होती. तिच्या इमेज रोखून धरण्यात आल्या आणि दुसऱ्याच दिवशी दुरुस्त कर्नलसह १२.४ जाहीर झाली.

यातून काढायचा व्यवहार सरळ आहे. ज्या डिस्कवर एकुलती एक प्रत असलेली माहिती आहे, त्या डिस्कवर आरसी१ चालवू नये. आरसी३ किंवा आरसी४ नंतर ढोबळ दोष बहुधा निघून गेलेले असतात, त्यामुळे नवख्याने तेथून सुरुवात करावी. बॅकअप घेतल्यावर बाह्य हार्ड डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर फाइलप्रणालीतील दोष तिच्यापर्यंतही पोहोचू शकतो. व्हर्च्युअल मशीनमध्ये चाचणी करणे सर्वांत सुरक्षित असते, परंतु तेथे आपल्या खऱ्या हार्डवेअरची परीक्षा होत नाही, आणि आधी सांगितल्याप्रमाणे आपले वेगळेपण हार्डवेअरमध्येच आहे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपचा अंगचा मायक्रोफोन नव्या आरसीवर बंद पडला, आधीच्या स्थिर आवृत्तीत चालत होता. मी सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, पण कर्नलशी कधी संबंध आला नाही. तक्रार नेमकी कोठे आणि कशी करावी? (एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बंद पडणे, याला कर्नलच्या वर्तुळात ‘रिग्रेशन’ म्हणतात, आणि तक्रारींच्या सगळ्या प्रकारांत या प्रकाराला सर्वांत अधिक वजन आहे. टोरवाल्ड्स यांचा दंडक असा की, वापरकर्त्याचे चालणारे काम कर्नलच्या बदलामुळे थांबत असेल तर तो दोष कर्नलचाच मानायचा आणि दुरुस्ती वेळेत न जमल्यास तो बदल मागे घ्यायचा. म्हणून पत्राच्या पहिल्याच वाक्यात ‘अमुक आवृत्तीत चालत होते, तमुक आरसीत चालत नाही’ असे स्पष्ट लिहावे. हेच पत्र ‘माझा माइक चालत नाही’ असे सुरू झाले तर ते शेकडो सामान्य तक्रारींत मिसळून जाते.

पत्र पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल चढवलेले असेल तर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ (दूषित) अशी खूण करून घेतो, आणि विकासक पहिल्याच उत्तरात ते काढून पुन्हा पाहायला सांगतात. तो फेरा आपणच आधी करून टाकावा. दुसरे म्हणजे नंतरच्या आरसीत हा दोष दुरुस्त झालेला नाही ना, हे पाहावे.

त्यानंतरचे काम कष्टाचे आहे, पण त्यानेच तक्रार निकालात निघते. एका आवृत्तीत साधारणपणे दहा ते पंधरा हजार बदल येतात आणि त्यांतील एकाने आपला माइक बंद पाडला आहे. ‘गिट बायसेक्ट’ (बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनातील आज्ञा) त्या रांगेच्या मधोमध असलेला बदल काढून देते; तो कंपाइल करून, बूट करून, माइक चालतो की नाही एवढेच आपण सांगायचे. प्रत्येक फेरीत उरलेली रांग निम्मी होते, त्यामुळे बारा हजारांतून गुन्हेगार शोधायला तेरा-चौदा फेऱ्या पुरतात. डिस्ट्रोची संपूर्ण कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचे याची यादी) घेऊन प्रत्येक फेरी करायला बसलात तर जुन्या यंत्रावर दिवस मोडेल. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा सध्या चढलेली मॉड्यूलेच फक्त निवडते आणि बांधणीचा वेळ खूप कमी करते. मात्र ती आज्ञा देण्यापूर्वी नेहमीची सगळी उपकरणे, म्हणजे पेनड्राइव्ह, प्रिंटर, हेडफोन, एकदा जोडून घ्यावीत, नाहीतर त्यांचे ड्रायव्हर गळतील. चौदा फेऱ्यांच्या मध्येच वीज गेली तरी बिघडत नाही, कारण गिट आपली जागा लक्षात ठेवते.

बायसेक्टचा एकच शत्रू आहे: कधी येणारा आणि कधी न येणारा दोष. एका फेरीत माइक योगायोगाने चालला आणि आपण ‘ठीक’ असे सांगितले, तर पुढचा सगळा शोध भलत्या अर्ध्यात जातो आणि शेवटी एखाद्या निरपराध विकासकाच्या बदलावर बोट ठेवले जाते. दोष अनियमित असेल तर प्रत्येक फेरीत चार-पाचदा रीबूट करून मगच ‘ठीक’ म्हणावे.

गुन्हेगार बदल सापडला की त्याच्यातच लेखकाचे आणि मेंटेनरचे नाव-पत्ता असतो. त्या दोघांना साध्या मजकुराच्या ईमेलने लिहावे, एचटीएमएल ईमेल पाठवू नये, कारण कर्नलच्या ईमेल याद्या ती परत पाठवतात. प्रत रिग्रेशनसाठी असलेल्या वेगळ्या यादीला द्यावी. जर्मनीतील थॉर्स्टन लीमहुइस अनेक वर्षे कर्नलच्या रिग्रेशनांची नोंद ठेवत आले आहेत, आणि ‘रेग्झबॉट’ नावाचा त्यांचा बॉट अशा पत्रांवर लक्ष ठेवून ती विस्मरणात जाऊ देत नाही. कर्नलची बगझिला ही सार्वजनिक नोंदवही आहे, पण अनेक मेंटेनर ती उघडूनही पाहत नाहीत. नवखे लोक तेथे तक्रार टाकून महिनोन्‌महिने उत्तराची वाट पाहतात, हा या सगळ्या व्यवस्थेतील माझ्या मते सर्वांत लाजिरवाणा भाग आहे.

प्रश्न : अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्स कर्नलच असतो. मग माझ्या फोनवर आरसी चालवून पाहता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : व्यवहारात नाही. फोनमधील कर्नल एखाद्या दीर्घकालीन शाखेवर आधारलेला असतो, त्यावर चिपनिर्मात्याचे स्वतःचे ड्रायव्हर चढवलेले असतात, आणि बहुतेक फोनांचा बूटलोडर कुलूपबंद असतो. चाचणीसाठी संगणकच बरा.

प्रश्न : सगळे नीट चालले तर तसेही कळवावे का? की ती केवळ गर्दी होईल? (एक वाचक, औरंगाबाद)

उत्तर : आरसी मेनलाइनची आहे की स्थिर शाखेची, यावर ते अवलंबून आहे. मेनलाइनच्या आरसीबाबत मौन म्हणजे संमती असेच धरले जाते, त्यामुळे तेथे दर आठवड्याला ‘ठीक आहे’ असे कळवण्याची आवश्यकता नाही.

स्थिर शाखांचा व्यवहार निराळा आहे. ग्रेग क्रोह-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी मार्च २००५ मध्ये २.६.११.१ काढून ही प्रथा सुरू केली. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीसाठी मेनलाइनमधील निवडक दुरुस्त्या मागे आणून ६.१.१, ६.१.२ अशा आवृत्त्या काढल्या जातात. प्रत्येक वेळी आधी प्रस्तावित पॅचेसचा (कोडमधील बदलांचा) गठ्ठा परीक्षणासाठी मांडला जातो, तो कधीकधी शेकडो पॅचेसचा असतो, आणि आक्षेप नोंदवण्यासाठी मुदत मिळते ती साधारण दोन दिवसांची. एवढ्या थोड्या अवधीत ‘अमुक यंत्रावर, अमुक आर्किटेक्चरवर बूट झाला, डीमेसेगमध्ये नवी चूक नाही’ असे चार-दोन ओळींचे उत्तर फार उपयोगी पडते. असे कळवणाऱ्याचे नाव ‘टेस्टेड-बाय’ या ओळीत त्या आवृत्तीच्या नोंदीत कायमचे राहते. दोष कळवणाऱ्याचे नाव ‘रिपोर्टेड-बाय’ म्हणून दुरुस्तीच्या पॅचमध्ये जाते. या नोंदींत एकही ओळ कोड न लिहिलेल्या लोकांची नावे भरपूर आहेत.

माझ्या मते दोन दिवसांची ही मुदत फार तोकडी आहे. सुरक्षाविषयक दुरुस्त्या लवकर पोहोचाव्यात म्हणून ती तशी ठेवलेली आहे, हे कबूल, परंतु ६.१.६४ सारखा प्रसंग पाहिल्यावर निकडीच्या आणि सावकाशीच्या दुरुस्त्यांचे गठ्ठे वेगळे काढता येणार नाहीत का, असा प्रश्न मनात येतोच.

प्रश्न : आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय पुस्तकातून शिकवला जातो. विद्यार्थ्यांना अशा चाचणीतून प्रकल्प देता येईल का? (प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : जरूर द्यावा, पण ‘आरसी बसवून पाहा’ एवढाच देऊ नये. कर्नलच्या सोर्समध्येच ‘केसेल्फटेस्ट’ नावाचा चाचण्यांचा संच आहे, आणि कर्नलमधील एकेका फंक्शनची परीक्षा करणारी ‘केयुनिट’ ही चौकट आहे. प्रयोगशाळेतील एका जुन्या यंत्रावर लागोपाठच्या दोन आरसींवर केसेल्फटेस्ट चालवून निकालांतील फरकाचे कारण शोधायला लावले, तर शेड्युलर आणि स्मृतिव्यवस्थापन यांची प्रकरणे विद्यार्थ्यांना वेगळ्याच रीतीने समजतील. अपयशी ठरणारी प्रत्येक चाचणी म्हणजे कर्नलचा दोष नसतो. पुष्कळदा चाचणीच चुकीची असते किंवा कॉन्फिगमध्ये एखादा पर्याय बंद असतो. हा विवेक शिकवणे हाच प्रकल्पाचा गाभा मानावा आणि गुणही त्यालाच द्यावेत. कळवलेल्या तक्रारींच्या संख्येवर गुण दिलेत तर तीस विद्यार्थी मिळून एखाद्या मेंटेनरची टपालपेटी भरून टाकतील आणि पुढच्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या पत्त्यावरून आलेले पत्र कोणी उघडणार नाही.

प्रश्न : आरसी६ किंवा आरसी७ च्या सुमारास किरकोळ दोष आढळला, तर तो तेव्हा कळवावा की अंतिम आवृत्तीची वाट पाहावी? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तेव्हाच कळवावा. आवृत्ती बाहेर पडण्याआधी एखादा बदल मागे घेणे सोपे असते, कारण त्यावर अजून कोणी विसंबलेले नसते. बाहेर पडल्यावर तोच बदल काढल्याने दुसऱ्या कोणाचे काम अडते आणि मेंटेनरला दोघांचे समाधान करणारी तिसरी वाट शोधावी लागते. आरसी५ पर्यंत आलेल्या तक्रारीला नीट दुरुस्ती मिळण्याची शक्यता अधिक असते. आरसी७ ला आलेल्या तक्रारीवर बहुधा तो बदल सरळ उलटवला जातो, आणि गंभीर दोषांची गर्दी झाली तर आरसी८ काढून एक आठवडा वाढवला जातो. टोरवाल्ड्स आरसी साधारणपणे रविवारी दुपारी, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेनुसार काढतात, म्हणजे आपल्याकडे ती सोमवारी पहाटे हाती येते. सोमवार-मंगळवारात ती चालवून पाहिली आणि बुधवारपर्यंत पत्र गेले, तर मेंटेनरला आठवड्याच्या आत पॅच तयार करून वर पाठवायला अवधी मिळतो. शनिवारी रात्री पाठवलेले पत्र बहुधा पुढच्या आरसीसाठीच मोजले जाते.